फुरफुरीनगर, बेसा रोड

मे महिन्यात नागपूरच्या बेसाला माणसाची पत त्याच्या कूलरवरून ठरते. गाडी कोणती, मुलगा पुण्यात की परदेशात, हे प्रश्न दिवाळीनंतरचे. पारा पंचेचाळिसाला टेकला की जो तो एवढंच विचारतो, "कूलरला खस लावली की वूडवूलच?" आमच्याकडे खस आहे. शिवाय कूलर जुन्या घडणीचा, लोखंडी, खिडकीबाहेर स्टँडवर बसवलेला. सुरू केला की समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर थेट डिसेंबरपर्यंत उलटतं. या वैभवाची शिक्षा अशी, की शाळांना सुट्ट्या लागल्या की आमच्या फ्लॅट स्कीममधली झाडून सगळी पोट्टी सकाळीच आमच्या बैठकीत हजर होतात आणि ऊन उतरल्याशिवाय हलत नाहीत. येताना चटई आणत नाहीत, पाण्याची बाटली आणत नाहीत, पण टीव्हीवर काय लावायचं याचा ठराव मात्र जिन्यातच पास करून येतात.

मी निवृत्त माणूस. निवृत्त माणसाने दिवसातून चारदा त्याच बातम्या पाहिल्या नाहीत, तर देश आपल्यावाचून चालू लागला की काय, अशी त्याला धास्ती वाटते. म्हणून एकदा धीर करून म्हटलं,

"बाळांनो, पाचच मिनिटं बातम्या लावू."

"आबा, बातम्यांत रोज तेच ते असते न," नातू म्हणाला.

"मग तुमच्या मोटू-पतलूत रोज काय नवीन असते?"

"त्याच्यातही तेच असते. पण त्याच्यात मजा येते."

पत्रकारितेवर इतकी नेमकी टीका मी कुठल्या अग्रलेखात वाचलेली नाही. मी रिमोट गुपचूप टीपॉयवर ठेवून दिला. नंतर लक्षात आलं, ती माझ्या चष्म्याची डबी होती. रिमोट केव्हाचाच तिसऱ्या माळ्यावरच्या पोरीच्या मांडीखाली होता.

मग बघायला लागलो. नाइलाज झाला की माणूस काहीही बघतो. मनीषनगरच्या रेल्वे फाटकाशी स्कूटर टेकवून मी मालगाड्यांचे डबे मोजलेले आहेत, आणि त्यातही पुढेपुढे रस वाटू लागला होता.

तसे मोटू-पतलू मला अगदीच परके नव्हते. मुलांचं 'लोटपोट' दिल्लीहून १९६९ साली निघालं, आणि आमच्या पिढीने ते विकत घेऊन फारसं वाचलं नाही. न्हाव्याच्या दुकानात नंबर येईपर्यंत वाचलं. त्याच पानांतली ही जोडी. २०१२ च्या ऑक्टोबरात निक वाहिनीने त्यांना टीव्हीवर आणलं. मुंबईच्या कॉसमॉस-मायाने मालिका केली, दिग्दर्शक सुहास कडव, आणि शीर्षकगीत चक्क गुलजारांचं. समोशामागे धावणाऱ्या एका जाड्या माणसासाठी गुलजार लेखणी उचलतात, आणि आमच्या सोसायटीला 'कचरा जिन्यात ठेवू नये' एवढी नोटीस शुद्ध लिहून देणारा माणूस मिळत नाही. आणखी एक गंमत कळली. मोटू-पतलू राहतात त्या फुरफुरीनगरातल्या बहुतेक मुख्य मंडळींचा आवाज एकाच माणसाचा आहे, सौरव चक्रवर्ती यांचा. म्हणजे गाव भांडतं, पोलीस दटावतो, चोर पळतो, आणि हे सगळं एकाच गळ्यातून! आमच्याकडे नेमकं उलटं. गळे चोवीस फ्लॅटचे आणि वाक्य एकच, "मी आधीच सांगितलं होतं."

त्या फुरफुरीनगरात प्रत्येकाला एकच खोड आहे आणि ती त्याने जपून ठेवली आहे. मोटूचं डोकं उपाशीपोटी चालत नाही. पोटात समोसा गेला की त्याच्या अंगात दहा हत्तींचं बळ येतं. पतलू विचार करतो; त्याचं शरीर पाहता दुसरं काही करणं त्याला परवडतही नाही. डॉक्टर झटका शोध लावतात आणि तो शोध त्यांच्याच अंगावर येतो. घसीटारामला जगातल्या प्रत्येक कामाचा वीस वर्षांचा अनुभव आहे. इन्स्पेक्टर चिंगम हवेत गोळी झाडतो आणि वरून नारळ त्याच्याच डोक्यात पडतो. जॉनला डॉन व्हायचंय, पण बोलायचंय यमक जुळवून. डॉन होण्याच्या धंद्यात यमकाला फार वेळ जातो, हे त्याच्या अजून ध्यानात आलेलं नाही.

यातलं कुणीही सुधारत नाही, ही मला मोठी आवडलेली गोष्ट. मोटूला कुणी डाएट सांगत नाही. चिंगमला कुणी 'साहेब, झाडाखाली उभे राहू नका' म्हणत नाही. घसीटारामने अनुभव सांगितला की मंडळी शांतपणे तो ऐकून घेतात, त्याप्रमाणे वागतात, खड्ड्यात पडतात आणि पुढच्या भागात पुन्हा विचारायला येतात. याउलट आमच्या स्कीममध्ये माझं वजन, माझी चाल, माझा चहा आणि माझी वाळत घातलेली लुंगी, या सगळ्यांत सुधारणा सुचवणारी वेगवेगळी माणसं आहेत.

पोरांनी हे माझ्याआधी ओळखलं होतं. एक दिवस सोफ्याखाली पेन शोधताना मला शाळेच्या वहीचं मागचं पान सापडलं. वर मथळा, 'आपली बिल्डिंग'. खाली यादी. सेक्रेटरीसाहेब: घसीटाराम. (साहेबांना सोसायटी चालवायचा वीस वर्षांचा अनुभव आहे. बिल्डिंग २०१६ ची आहे.) तिसऱ्या माळ्यावरचे निवृत्त इंजिनिअर: डॉक्टर झटका. वॉचमनकाका: चिंगम सर, शिट्टीमुळे. चौथ्या माळ्यावरचे कवी, ज्यांना पुढच्या निवडणुकीत सेक्रेटरी व्हायचं आहे आणि जे रोज पहाटे ग्रुपवर चारोळी टाकतात, ते अर्थातच जॉन. तळमजल्यावरचे मामा मोटू. मिहानमध्ये रात्रपाळी करणारा, दुसऱ्या माळ्यावरचा तो काडीपैलवान मुलगा पतलू. मामा आणि तो मुलगा पार्किंगच्या एका खांबावरून एकमेकांशी बोलत नाहीत, पण यादीत त्यांना एका कंसात टाकलं होतं. खजिनदार काकूंसाठी मात्र या मालिकेत जागा सापडेना, म्हणून त्यांना शेजारच्या 'छोटा भीम'मधून टुनटुन मौसीची भूमिका दिली होती. मौसी लाडवांवर पहारा ठेवते, काकू सोसायटीच्या निधीवर. दोघींचाही डोळा चुकवून काही उचलणं सोपं नाही.

यादी मी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. माझं नाव नव्हतं.

"काऊन रे, मी कोण?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी त्यातल्या त्यात सभ्य पोरगी म्हणाली, "आबा, तुम्ही पब्लिक."

"म्हणजे?"

"म्हणजे काही फुटलं-पडलं की जे धावत येते, 'अरेरे' म्हणते, अन् पुढच्या सीनमध्ये नसते न, ते."

"आणि आजी?"

"आजी चायवाला. समोसे तिच्याचजवळ असते न!"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला, पण तो आनंदाचा होता.

चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाचा इतका अचूक गोपनीय अहवाल आजवर कोणी लिहिला नव्हता. मला तो झोंबला. मी ज्ञान पाजळायला सुरुवात केली. म्हटलं, पोट्ट्यांनो, हे चित्रं पळवायचं काम तुमच्या मोटूपासून सुरू झालेलं नाही. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' काढली, साध्या आगपेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवल्या.

"मग जळल्या का त्या?"

"नाही जळल्या."

"अरेरे," सगळी एका सुरात म्हणाली.

मी हार मानली नाही. एकजूट म्हणजे काय हे शिकायचं तर विजया मुळे यांची 'एक अनेक और एकता' बघा म्हटलं, १९७४ ची. चित्रं भीमसेन यांची, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. पक्षी जाळ्यात सापडतात, सगळे मिळून एकदम जोर करतात आणि जाळं घेऊन उडून जातात. आमच्या दूरदर्शनवर लागायची तेव्हा घरातली मोठी माणसंही काम सोडून बघत. सांगताना माझा गळा जरा दाटून आला. नातवाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं,

"त्याच्यात येडा कोण होता?"

"कोणीच नाही. सगळे शहाणे होते."

"मग जमलं कसं?"

मी बैठकीतून उठून गॅलरीत गेलो. प्रश्न मोठा गैरसोयीचा होता. आपल्याकडच्या ज्या ज्या टोळ्या लक्षात राहिल्या, त्यांत एक तरी अर्धवट असतोच. गवळणीत कृष्ण असतो तो सुंदर, सर्वज्ञ वगैरे, पण लोक वाट बघतात पेंद्याची. पेंद्या लंगडत, अडखळत आला की मंडपात हशा, आणि शिंक्यावरचं दही खाली आणायला तोच लागतो. चिमणराव हे नुसते चिमणरावच असते तर चिं. वि. जोशींची दोन पानंही भरली नसती. गुंड्याभाऊ सोटा घेऊन बाजूला आहे म्हणून दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना बघायला गल्ली लोटायची. सगळे शहाणे गोळा झाले की कमिटी होते. टोळी होत नाही.

आणि कमिटीची वेळ आलीच. बोअरची मोटर जळली.

बेसाला पूर्वी शेतं होती, आता लेआऊट आहेत आणि लेआऊटवर आमच्यासारख्या स्कीम आहेत. जमिनीखालच्या पाण्याला हा बदल कुणी कळवला नसावा. एप्रिलपासूनच आमची बोअर दमेकऱ्यासारखी खोकत होती, त्या दिवशी तिने राम म्हटला. तातडीची मीटिंग बोलावली. कूलर सुरू असलेली बैठक एकच, म्हणून आमच्याकडे. पोरांशी तह झाला: चित्र चालू राहील, आवाज बंद. त्यामुळे एका भिंतीला फुरफुरीनगर आणि समोर आम्ही, असा दुहेरी कार्यक्रम सुरू झाला.

सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "मोटर वर काढण्याची घाई नको. मला या विषयातला दांडगा अनुभव आहे."

कोपऱ्यात पोरं एकमेकांवर पडून हसली.

इंजिनिअरसाहेब म्हणाले, "मोटर जळलेलीच नाही. स्टार्टरचा प्रॉब्लेम आहे. मला एक टेस्टर आणि दोन हात वायर द्या."

काकू म्हणाल्या, "वायरचे पैसे कोणत्या खात्यातून? पावती असेल तरच."

कवी उभे राहिले. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा लावला आणि वाचलं:

"टाकीत नाही पाणी, बोअर झाली मुकी,
सांगा सेक्रेटरीसाहेब, ही कुणाची चुकी?"

सेक्रेटरीसाहेब भडकले. "हे राजकारण इथं चालणार नाही!" असं म्हणून त्यांनी मागच्या शोकेसवर मूठ आपटली. त्या शोकेसच्या टोकावर नातवाचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी पुढच्या पोळ्याची वाट पाहत उभा होता. तो निघाला आणि थेट साहेबांच्या खांद्यावर उतरला. नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर चिंगमच्या डोक्यात नारळ पडला. पोरांनी जो जल्लोष केला, तो क्रिकेटचा विश्वचषक जिंकल्यावरही आमच्या स्कीममध्ये झाला नव्हता. लगेच त्यांच्यात वादही पेटला: साहेब तर घसीटाराम, मग त्यांच्यावर नारळ कसा पडला? रोल बदलायचा का? त्यांनी बाजूला जाऊन वेगळी मीटिंग घेतली, आणि ती आमच्यापेक्षा लवकर संपली.

आमच्या मीटिंगचा शेवट इंजिनिअरसाहेबांनी केला. ते केव्हा खाली गेले कुणाला कळलं नाही. खालून 'भप्प' असा आवाज आला, टीव्ही गेला, पंखा गेला, आणि कूलर एक लांब उसासा टाकून थांबला. दुपारचे दोन. तोवर आपापल्या मुद्द्यावर ठाम असलेले सगळे सभासद कुठलाही ठराव न मांडता एकमताने जिन्याकडे धावले. खाली इंजिनिअरसाहेब उभे होते. त्यांच्या डोक्यावरचे मोजके केस सरळ उभे राहिलेले, पण चेहऱ्यावर समाधान.

"बघा," ते म्हणाले, "स्टार्टर चांगला आहे, हे सिद्ध झालं."

टँकर मागवावा लागला. तो आला संध्याकाळी, आणि गेटमध्ये अडकला, कारण मामांची गाडी त्या सुप्रसिद्ध खांबाच्या उजवीकडे होती आणि दुसऱ्या माळ्यावरच्या मुलाची बाइक डावीकडे. दोघांनीही, 'आधी त्यांना काढायला सांगा' असा निरोप वॉचमनकाकांकरवी धाडला. काकांनी दोघांना शिट्टी वाजवून दाखवली. शेवटी टँकर बाहेरच उभा राहिला आणि पाइप टाकीपर्यंत पुरेना.

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, पाण्याची टाकी इतकी मंधात लपवून कोन ठेवते? चोरीले जाते का?"

जोडपाइप शोधला. तो लावला तर सांध्यातून कारंजं उडालं. सेक्रेटरीसाहेबांनी अनुभवाने रुमाल बांधला, तो वाहून गेला. इंजिनिअरसाहेबांनी एक शास्त्रीय गाठ मारली, तिच्यातून पाणी दोन दिशांना उडायला लागलं. कवी टँकरच्या पायरीवर चढून जनतेला उद्देशून काहीतरी म्हणत होते, ते पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. त्या दिवसातली एवढीच एक गोष्ट नशिबाने झाली.

तेवढ्यात आमची ही खाली आली. हातात परात, परातीत समोसे. त्याबरोबर तर्री. पाणी गेल्यामुळे पोळ्यांची कणीक मळता येत नव्हती, म्हणून तिने कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून उचलून आणले होते. मामांनी एक घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्यानंतर त्यांच्या चेहऱ्यावर काही वेगळंच आलं. ते पुढे झाले, सांध्याकडे एकदा पाहिलं, आणि त्या सांध्यावर बसले. चांगले मांडी घालून बसले. कारंजं थांबलं.

"आता तिकडचं टोक कोणी धरा," ते म्हणाले.

टाकीचं तोंड अरुंद. पाइप आत सोडला की दाबाने उसळून बाहेर यायचा. आत उतरून धरायला त्या तोंडातून मावेल असा आमच्यात एकच मनुष्य. तो मिहानवाला मुलगा रात्रपाळीसाठी इस्त्रीचा शर्ट घालून निघाला होता. त्याने मामांकडे पाहिलं. मामांनी त्याच्याकडे पाहिलं. काही महिन्यांत प्रथमच त्यांच्यात संभाषण झालं.

"उतरतो का बे?"

"उतरतो. पण तुम्ही उठू नका."

"मी काऊन उठतो? समोसा येऊन राहिला न."

मग सगळंच जुळत गेलं. पाइपमधून जे पोचत नव्हतं ते बादल्यांनी न्यायचं ठरलं आणि जिन्यापासून टँकरपर्यंत रांग लागली. काकूंनी वहीत बादल्यांची नोंद सुरू केली, कोणाच्या किती, त्यामुळे कुणाला सटकता येईना. वॉचमनकाका प्रत्येक बादलीला शिट्टी वाजवत होते आणि त्या तालावर हात आपोआप पुढे जात होते. सेक्रेटरीसाहेब वीस वर्षांच्या अनुभवावरून 'डावीकडे, डावीकडे' म्हणत राहिले; सगळे उजवीकडे गेले, तिथंच टाकी होती. इंजिनिअरसाहेबांना पोरांनी एक सुटा नट दिला आणि 'हा कशाचा आहे ते सांगा' म्हणून पायरीवर बसवून ठेवलं. कवींना रांगेत मधोमध उभं केलं, दोन्ही हातांत बादल्या. त्या स्थितीत मोबाइल काढता येत नाही.

मी काय करत होतो? मी पायरीच्या कडेला उभा होतो. बादली हिंदकळली की 'अरेरे' म्हणत होतो, मामा हलले की 'सांभाळून' म्हणत होतो. कुणीतरी हे काम करावंच लागतं. नातवाने जाता जाता अंगठा वर करून दाखवला.

टँकर रिकामा झाला. ड्रायव्हरने एक समोसा खाल्ला, एक कागदात बांधून घेतला आणि विचारलं, "यायच्यात सेक्रेटरी कोन हाय?" पैसे द्यायचे असल्यामुळे त्या क्षणी कोणीच नव्हतं. कवीसुद्धा नाही.

रात्री ग्रुप उघडला तर फोटोच फोटो. सेक्रेटरीसाहेबांनी लिहिलं होतं, 'माझ्या नियोजनाप्रमाणे काम यशस्वी.' इंजिनिअरसाहेबांनी पाइपच्या दाबाचं गणित टाकलं होतं. कवींनी चारोळी टाकली, तीत एकजुटीवर तीन ओळी आणि स्वतःवर एक. काकूंनी बादल्यांचा तक्ता जाहीर केला, त्यावर दोन फेरतपासणीचे अर्ज आले. कल्पना आपलीच होती, असं म्हणणारे मोजले असते तर बादल्यांपेक्षा जास्त भरले असते. अख्ख्या बिल्डिंगमध्ये पतलू व्हायला सगळे तयार, मोटू व्हायला एकही नाही. खुद्द मामांनी काही लिहिलं नाही. दुसऱ्या माळ्यावरच्या मुलाने एक फोटो टाकला: खांबाच्या डावीकडे गाडी, उजवीकडे बाइक. नुसती अदलाबदल झाली होती. गेट अजूनही बंदच राहणार होतं, पण आता सलोख्याने.

पुढच्या आठवड्यात नवी मोटर बसली. उद्घाटन करायचं ठरलं, आणि बटण कुणी दाबायचं यावर आमच्याच बैठकीत रीतसर चर्चा झाली. साहेब म्हणाले, अनुभव. इंजिनिअर म्हणाले, तांत्रिक बाब. काकू म्हणाल्या, पैसे मी मोजलेत. कवींनी यमक सुचवलं. अखेर पोरांनी तोडगा काढला: सगळ्यांनी मिळून, सगळ्यांची बोटं एकावर एक. खाली उतरलो. मामांचं बोट सर्वांत खाली, कारण त्यांचंच मजबूत. त्यावर त्या मुलाचं, त्यावर बाकीचे, वॉचमनकाकांनी शिट्टी फुंकली, मी पायरीवरून 'सांभाळून' म्हटलं, आणि बटण दाबलं गेलं.

लाइन गेलेली होती.

परत केव्हा येईल हे कुणालाच सांगता येईना. परात मात्र भरलेली होती. मग तिथंच पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून, समोशाबरोबर तर्री की चिंचेची चटणी यावर हात वर करून मतदान घेतलं. निकालावर काकूंनी फेरमोजणी मागितली आहे.